तोडकऱ्यांचा अर्धा आणा

आई मोरीतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत मोठं ताट होतं. त्यात समई, निरांजनं, पळी-पंचपात्र, घंटा, कुंकवाचा करंडा. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते, म्हणून देवघरातलं सगळं पितळ तिनं चिंच लावून घासलं होतं आणि आता ते अंगणात उन्हाला ठेवायला चालली होती. करंड्याशेजारी एक गोल चकती होती. रुपयापेक्षा जरा मोठी. ताटातल्या सगळ्या भांड्यांत तीच जास्त चमकत होती.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"ही चकती."

"ती होय. करंड्यात कापसात गुंडाळून ठेवली होती कुणी तरी. काळी ठिक्कर पडलेली. दोनदा घासावी लागली बघ."

ते 'कुणी तरी' म्हणजे मीच होते.

त्या वेळी मी अठ्ठावीस वर्षांची होते. बार्शीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायची, आणि मला एक छंद होता. बघायला आलेली मंडळी छंद विचारायची तेव्हा आई माझ्याआधी घाईघाईनं 'भरतकाम' असं उत्तर देऊन टाकायची. खरा छंद बिल्ले गोळा करण्याचा होता. दुसऱ्या महायुद्धात, बेचाळीस-त्रेचाळीस साली, बाजारातून सुटी नाणी गायब झाली होती. धातूला भाव आला म्हणून लोकांनी ती घरात दडवून ठेवली. अर्ध्या आण्याचं मीठ घेऊन पावली पुढे केली तर दुकानदाराकडे परत द्यायला काही नसायचं. मग कुणी पोस्टाची तिकिटं द्यायचं, कुणी चिठ्ठी लिहून द्यायचं, कुणी सुपारीवर भागवायचं. काही व्यापाऱ्यांनी मात्र स्वतःच्या नावाचे बिल्ले काढले, पुठ्ठ्याचे, पत्र्याचे, क्वचित पितळेचे. त्या दुकानात, फार तर त्या पेठेत, ते पैशासारखे चालायचे. युद्ध संपलं, नाणी परत आली आणि बिल्ले कचऱ्यात गेले. तो कचरा मी शोधत हिंडायचे.

हे वेड मला लावलं नगरकर सरांनी. ते शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एकटेच राहायचे. त्यांच्याकडे दोनशेच्या वर बिल्ले होते, पण जीव होता तो एकाच बिल्ल्यावर. मोडीच्या दुकानात फुटक्या स्टोव्हबरोबर तो त्यांना वजनावर मिळाला होता. काळाकुट्ट. भिंगातून बघितलं तर एका बाजूला 'तोड', त्याखाली 'किरा' आणि अगदी कडेला 'र्शी' एवढं दिसायचं. दुसऱ्या बाजूला 'आणा'. सरांचं म्हणणं, हा आपल्या गावच्या महालिंगप्पा तोडकऱ्यांच्या किराणा दुकानाचा बिल्ला. बार्शीचा एकमेव पितळी बिल्ला, आणि तो जगात फक्त त्यांच्याकडे.

हे म्हणणं मान्य व्हायला दोन अडचणी होत्या. पहिली अशी की महालिंगप्पांच्या घरात त्या काळातलं जे एकच माणूस उरलं होतं, त्यांच्या सूनबाई गोदाक्का, त्यांना सरांनी बिल्ला दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली होती. "असलं काळंबेंद्रं आमच्या दुकानात नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. दुसरी अडचण आडके वकील. सोलापूरच्या आमच्या संग्राहक मंडळाचे ते अध्यक्ष. गोदाक्कांचा नकार कुठून तरी त्यांच्या कानावर गेला आणि श्रावणातल्या बैठकीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, तुम्ही मुलांना तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवत होता ना? मग असा एक बिल्ला करायला तुम्हाला कितीसा वेळ लागेल?"

लोक हसले. सर हसले नाहीत. परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते आणि बार्शी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला सभेत खोटा म्हटलं होतं, तेही त्याच्या हातातली कला पुढे करून. त्यानंतर ते संध्याकाळी फिरायला जाणंही टाळू लागले.

नवरात्रातल्या पहिल्या रविवारी सोलापुरात मंडळाचं प्रदर्शन होतं. त्याच सकाळी कार्यकारिणी बिल्ला पाहून निकाल देणार होती. मांडायचा की परत पाठवायचा. परत आला असता तर सरांच्या नावापुढे तो शिक्का कायमचा बसला असता.

"अक्षरं कुणीही कोरील, कुमुद," सर मला म्हणाले होते. "चाळीस वर्षांचा काळेपणा कुणाला कोरता येत नाही. वकिलांनी भिंग लावून बघावं. खाचांच्या आतसुद्धा तोच थर आहे. माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही."

त्यांचे हात थरथरायचे, म्हणून कागद ठेवून शिसपेन्सिलीनं त्याचा ठसा घ्यायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. देताना बजावलं, "कडेला धरायचा. फडकंसुद्धा लावायचं नाही."

मी कडेलाच धरला. ठसा घेतला आणि कुठे पडू नये, कुणाचा हात लागू नये, म्हणून रिकाम्या करंड्यात कापूस घालून त्यात ठेवला. कासाराच्या घरात, घटस्थापनेच्या तोंडावर, पितळी करंड्यात. इतकी अक्कल दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

"आई, तू काय केलंस हे."

"घासलं. अजून काय करणार पितळेचं?"

"ते काळं होतं म्हणून खरं होतं."

"काळं पितळ खरं?" आईनं ताट खाली ठेवलं. "तुझे आजोबा घागरी ठोकत होते. त्यांच्यासमोर असं बोलली असतीस तर घराबाहेर काढलं असतं तुला."

मग मी तिला सगळं सांगितलं. वकील, हसणारे लोक, गप्प बसलेले सर, सगळं. आईचा चेहरा उतरला. माझ्या बिल्ल्यांना ती इतकी वर्षं 'तुझी भंगारं' म्हणत आली होती, पण नगरकर सरांना ती मानायची. माझा भाऊ तापानं आजारी असताना सर आठ दिवस रोज येऊन बसले होते.

"परत काळं करता येत नाही का?" ती हळूच म्हणाली.

तो विचार माझ्याही डोक्यात आलेलाच होता. खोटी नाणी जुनी कशी दाखवतात हे आम्हा संग्राहकांना पाठ असतं, पकडायला लागतं म्हणून. समोरच्या नसीमाकडून मी एक उकडलेलं अंडं पदराआड आणलं, कुस्करून काचेच्या बरणीत घातलं, वर दोऱ्यानं बिल्ला टांगला आणि झाकण घट्ट लावलं; अंड्यातल्या गंधकानं धातू काळवंडतो. उद्या घरात घट बसायचे होते आणि आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. बरणी मी माझ्या पलंगाखाली ढकलली.

तासाभरानं बाहेर काढली तर बिल्ल्यावर तपकिरी डाग पडले होते, करपलेल्या भाकरीवर असतात तसे. अजून दोन तास ठेवला तर बरा रंग येईल असं वाटलं. मी भिंग लावून खाचांत रंग उतरलाय का ते बघू लागले, आणि बघता बघता हात थांबला. वकिलांनी सरांवर जो आळ घेतला होता, तेच मी इथं बसून करत होते. सर खोटे नव्हते. पण हा बिल्ला असाच नेला असता तर रविवारी त्यांच्या हातात खरोखरच खोटी वस्तू असती, आणि ती मी बनवलेली असती. मला स्वतःची किळस आली.

आई दारात उभी होती. वास तिला केव्हाच आला होता. ती अंड्याबद्दल काही बोलली नाही. माझ्या हातातून बिल्ला घेतला, मोरीत गेली आणि चिंचेच्या कोळानं तो पुन्हा धुऊ लागली. या वेळी मात्र सावकाश. मध्येच थांबून तिनं तो पालथा केला आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"हे कुठं सापडलं म्हणालीस मास्तरांना?"

"मोडीत."

"हं," ती म्हणाली आणि पदरानं पुसत राहिली.

शनिवारी सकाळी घट बसले. आरती झाल्याबरोबर आई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मी म्हटलं, "तू कशाला येतेस, मी सांगते." ती म्हणाली, "घासलं मी, सांगणार मी." तिचा उपास होता आणि उपासाच्या दिवशी तिच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

सरांच्या खोलीत दोरीवर इस्त्रीचा सदरा लटकत होता, उद्यासाठी. टेबलावर एक पांढरं कार्ड होतं. काळ्या शाईत, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'महालिंगप्पा तोडकरी, किराणा दुकान, बार्शी. अर्धा आणा. पितळ. १९४३ च्या सुमारास. स्थिती: मूळ, न घासलेला.' थरथरत्या हातानं एवढं सरळ लिहायला त्यांना किती कार्डं फाडावी लागली असतील, कोण जाणे.

मी रुमाल उलगडून बिल्ला त्यांच्यापुढे ठेवला.

सर खाली वाकले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "दुसरा मिळाला?" ते म्हणाले. "कुठं मिळाला तुला दुसरा?"

"नाही सर," मी म्हणाले. "तोच आहे."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. आई पुढे होऊन म्हणाली, "मास्तर, माझ्या हातून झालं. देवाच्या भांड्यांत आला, मी घासला. तुम्ही काय बोलायचं ते मला बोला. पोरीचा दोष नाही."

सर खुर्चीत बसले. टेबलावरचं कार्ड उचललं आणि पालथं ठेवलं. "ठीक आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा, "ठीक आहे, वहिनी. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या तू एकटीच जा, कुमुद. माझी प्रकृती बरी नाही म्हणून सांग."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडायलाच लागले. दोरीवरचा सदरा पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता.

मग आई म्हणाली, "मास्तर, एक विचारू? हा बिल्ला तुम्ही कधी तळहातावर घेऊन बघितलात?"

"त्याला हात लावत नसतात, वहिनी."

"म्हणूनच." आईनं तो उचलून त्यांच्या हातात ठेवला. "मागून अंगठा फिरवा. सपाट नाही तो. बशीसारखा खोल आहे. आणि बारीक बारीक दबल्यासारखं लागतंय ना? त्या ठोक्याच्या खुणा. हा पत्रा नाही. ही हातानं ठोकलेली घागर आहे, तिच्या पोटातून कापलेली. लढाईत कोरा पत्रा मिळतच नव्हता, माझे सासरे कपाळाला हात लावून बसलेले असायचे. ज्यानं कुणी हे बिल्ले काढले, त्यानं घरातली घागर मोडली."

सर अंगठा फिरवत राहिले. त्यांनी पंधरा वर्षं तो बिल्ला भिंगातून पाहिला होता, आणि त्याला पोट आहे हे त्यांना आज कळत होतं. मी तर ठसा घेतानाही कडेलाच धरला होता.

"पण वहिनी, घागर कुणाची, हे कसं सांगणार?"

"घरातल्या बाईला विचारून," आई म्हणाली. "दुकानात काय होतं ते बाईला माहीत नसेल एकवेळ. घरातली घागर गेली तर ती जन्मभर विसरत नाही. चला, उठा."

सर यायला तयार नव्हते. गोदाक्कांनी एकदा नाही म्हटलं होतं, दुसऱ्यांदा ते ऐकायची त्यांची हिंमत नव्हती. आईनं दोरीवरचा सदरा काढून त्यांच्या हातात दिला.

तोडकऱ्यांचं किराणा दुकान केव्हाच बंद झालं होतं. त्या जागी गोदाक्कांचा मुलगा खतं-बियाणं विकायचा आणि त्या मागच्या घरात राहायच्या. पंचावन्नच्या आसपासच्या, ठेंगण्या, कपाळाला ठसठशीत विभूती. ओसरीवर बसून घटाची माळ ओवत होत्या. सरांना बघून त्यांनी सुई थांबवली.

"मास्तर, परत त्येच का? म्या मागंच सांगितलं न्हवं, आमचं न्हाई म्हणून."

सर दारातच थबकले. आई मात्र सरळ आत गेली, गोदाक्कांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या तळहातावर बिल्ला ठेवला.

गोदाक्कांनी तो बघितलाच नाही आधी. त्यांचा अंगठा आपोआप मागच्या खोलगट बाजूत गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी तळहात डोळ्यांजवळ नेला.

"आगं बया," त्या हळू म्हणाल्या. "ह्यो कुटं घावला?"

"ओळखलात?" आईनं विचारलं.

"वळखू न्हाई तर काय? माजी घागर ही. वैरागच्या म्हायेरनं लग्नात दिल्याली. लगीन हून वरीस झालं न्हवतं. सुटं मिळंना, गिऱ्हाईक परत जायाला लागलं, तवा मामंजी म्हणले, गोदा, घागर दे. म्या चौदा वर्साची. नगं म्हणायची काय टाप हुती? म्होरल्या ओसरीवर बसून कासारानं तिचं तुकडं केलं. म्या आत बसून ठोकं मोजत हुते." त्यांनी सरांकडे बघितलं. "मास्तर, तुमी त्या येळंला असलं काय तरी काळंबेंद्रं आणलं हुतं की वो."

"हाच होता तो," सर म्हणाले.

"ह्यो? मग असा का न्हाई दावला? आमचा बिल्ला कंदी काळा असायचाच न्हाई. दर सोमवारी दुकान बंद. मामंजी थैली माज्यापुढं वतायचे आन् म्हणायचे, लखलखीत पायजेत. काळा दिसला की गिऱ्हाईक म्हणायचं, ह्यो खोटा. कुणी घ्यायचंच न्हाई. म्या घासत हुते ना चिंच लावून, दर सोमवारी. बोटं सोलून निगायची माजी." आणि त्या आईकडे वळल्या. "ह्यो कुणी घासला? चांगला घासलाय."

"मी," आई म्हणाली.

माझ्या छातीवरचा दगड कुणी तरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मला हसू यायला लागलं आणि ते आवरेना. सर भिंतीला टेकून ओसरीच्या पायरीवर बसले. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवेनात.

गोदाक्का मात्र अजून बिल्ल्याकडेच बघत होत्या. बघता बघता त्यांनी मूठ मिटली. सरांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. घागर त्यांची होती. त्यांनी 'आता हा माझाच' म्हटलं असतं तर कुणाला काय बोलता आलं असतं?

"अक्का," सर म्हणाले, "तुम्हाला हवा असेल तर ठेवून घ्या. खरंच. माझं काम झालं. तुम्ही ओळखलात, मला पुरे."

जिच्यावर जीव होता ती एकच वस्तू ते ओसरीच्या पायरीवरून देऊन टाकत होते, आणि त्यांचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

गोदाक्का उठल्या आणि मूठ तशीच ठेवून आत गेल्या. बाहेर आल्या त्या कमरेवर पितळी घागर घेऊन.

"लढाई मिटल्यावर मामंजींनी समदे बिल्ले गोळा केले, वर घरातलं आणिक पितळ घातलं आन् मला ही करून दिली. म्हणले, घे गोदा, तुजी तुला. एक बिल्ला तेवडा आला न्हवता. मामंजी मनाला लावून घेत हुते. म्या म्हणलं, जाऊ द्या, एका बिल्ल्यानं घागर गळत न्हाई." त्यांनी मूठ उघडून बिल्ला सरांच्या हातात परत दिला. "माजी घागर हाय मला. तुमी ह्यो ठिवा. पर त्या कागदावर माजं नाव घाला. समदे म्हणत्यात तोडकऱ्याचा बिल्ला. पितळ माजं हुतं."

"घालतो," सर म्हणाले.

रविवारी सकाळच्या एसटीत आम्ही चौघं होतो, घागरीसह. गोदाक्का घागर खाली ठेवायला तयार नव्हत्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, सोलापुरात पाणी मिळत न्हाई असं सांगितलं काय कुणी?" गोदाक्का म्हणाल्या, "कोर्टात साक्ष हाय तिची." गाडी वैरागपर्यंत त्यावर हसत होती.

आडके वकिलांनी बिल्ला हातात घेतला आणि त्यांच्या ओठांवर ते हसू आलंच. "मास्तर, हा तर काल केल्यासारखा दिसतोय. तुमचा तो चाळीस वर्षांचा थर कुठे गेला?"

सरांनी काही बोलायच्या आत गोदाक्का पुढे झाल्या. घागर टेबलावर ठेवली, ठण्णकन. आणि मग सगळं सांगितलं, थैली, सोमवार, चिंच, वैराग. वकील तसे हट्टी असले तरी अप्रामाणिक नव्हते. त्यांनी बिल्ल्याची मागची बाजू पाहिली, अंगठा फिरवला, भिंग लावून ठोक्यांच्या खुणा पाहिल्या. आता लख्ख झालेली अक्षरं एकेक करून वाचली. शेवटी एकच विचारलं, "बाई, पण मग पहिल्यांदा दाखवला तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात?"

"तोंड धुऊन आणला असता तर तवाच वळखला असता," गोदाक्का म्हणाल्या.

या वेळीही लोक हसले. सर सगळ्यांत जोरात हसले. वकिलांनी उभं राहून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मास्तर, मी तेव्हा बोललो ते बोलायला नको होतं." सरांनी त्यांचे हात धरले. ते पुढे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, कारण आई माझ्या कानाशी लागून विचारत होती की इथं उपासाचं काही मिळतं का.

काचेच्या पेटीत बिल्ला मांडायच्या आधी सरांनी खिशातून ते कार्ड काढलं. शेवटची ओळ खोडली, मंडळाच्या टेबलावरचा टाक घेतला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. हात थरथरत होता. अक्षरं जरा वाकडी आली, पण त्यांनी कार्ड फाडलं नाही. प्रदर्शनात लोक त्या कार्डासमोर थांबायचे, भुवया उंचावायचे. घासलेली वस्तू म्हणजे आमच्या जगात बाटलेली वस्तू, आणि इथं ते अभिमानानं लिहिलेलं होतं.

सर गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बिल्ला त्यांनी माझ्या नावे ठेवला. ते कार्डही आहे, पिवळं पडलंय. त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी अशा: 'पितळ: गोदावरी तोडकरी यांची लग्नातली घागर. स्थिती: दर सोमवारी घासलेला.'

संग्राहक मंडळींना हे सांगू नका, पण आज सोमवार आहे, आणि मी मघाशीच चिंच भिजत घातली आहे.